एक गॅलनची बॅच आणि फोर्स कार्बोनेशन: 30 पीएसआयचा झटका कशाला?

टेकडीपलीकडे, मिनिआपोलिस

घरी बिअर करणाऱ्यांच्या गप्पांत गॅस भरायचा विषय निघाला की बोलणं लगेच 19 लिटरच्या केगवर (दाब धरणारं स्टीलचं बंद भांडं), त्यासाठीच्या वेगळ्या फ्रिजवर आणि पाच पौंडी सिलिंडरवर जातं. ज्यांच्याकडे गराज किंवा तळघर आहे त्यांचं ठीक आहे. पण एक गॅलनच्या, म्हणजे पावणेचार लिटरच्या बॅच करणारे आपल्यात बरेच आहेत. अपार्टमेंट लहान, फ्रिज एकच, आणि त्यातही दह्याचं पातेलं, कोथिंबीर, इडलीचं पीठ यांच्यातून जागा काढायची. घरात पिणारं माणूस एक, फार तर दोन. हा धागा त्यांच्यासाठी.

बाटलीत साखर घालून यीस्टकडूनच गॅस करून घेणं ही पद्धत वाईट मुळीच नाही. पण चार लिटरला साखर लागते जेमतेम 22-23 ग्रॅम. ती दहा-अकरा बाटल्यांत सारखी वाटली गेली पाहिजे, नाहीतर एक बाटली मुकी आणि दुसरी उघडताच ओट्यावर. मग दोन आठवडे थांबा, तळाला गाळ धरा, आणि तोवर हॉप्सचा (बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी फुलं) वास उतरायला लागलेला असतो. बाहेरून कार्बन डायऑक्साइड दाबाने भरला, म्हणजे फोर्स कार्बोनेशन केलं, की आज केगमध्ये घेतलेली बिअर उद्या संध्याकाळी पिता येते.

आता मुद्द्याचं. जिथे तिथे सल्ला दिसतो तो असा: 30 पीएसआयवर (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचं माप) लावा, जोरात हलवा, झालं. मोठ्या केगसाठी कुणी हे करत असेल तर करो, लहान बॅचसाठी मला हे पटत नाही. तीसवर हलवताना मिनिटभर इकडेतिकडे झालं की गॅस जास्त होतो, आणि चार लिटरमध्ये तो फार लवकर जास्त होतो. माझं म्हणणं सरळ आहे: जेवढे बुडबुडे हवेत तेवढाच दाब लावा, बिअर आधी पूर्ण गार करा, आणि मग हलवा. ठरलेल्या दाबावर कितीही हलवलंत तरी गॅस जास्त होऊच शकत नाही. त्या तापमानाला त्या दाबाखाली जेवढा मावतो तेवढाच जातो आणि थांबतो. हेन्रीचा नियम शाळेत शिकलो होतो, तोच.

ज्यांना आकडे हवेत त्यांच्यासाठी. एक लिटर बिअरमध्ये एक लिटर वायू विरघळला की त्याला एक व्हॉल्यूम म्हणतात. वजनात तो साधारण 2 ग्रॅम. अमेरिकन पेल एल किंवा आयपीएला 2.4 ते 2.6 व्हॉल्यूम छान लागतात. इंग्लिश बिटरला 1.5 ते 2 पुरे. जर्मन गव्हाच्या बिअरला साडेतीनच्या आसपास. बिअर 4 अंश सेल्सिअसला असेल तर 2.5 व्हॉल्यूमसाठी दाब लागतो 12 पीएसआय, 2 व्हॉल्यूमसाठी साडेसहा, साडेतीनसाठी 22-23. तीच बिअर खोलीच्या तापमानाला, 20 अंशांवर असेल, तर 2.5 व्हॉल्यूमसाठी 28 पीएसआय लागतील. म्हणून म्हणतो, आधी गार करा. गार करणं फुकट आहे, गॅस फुकट नाही.

माझं सामान: चार लिटरचा स्टीलचा छोटा केग, त्याला बॉल लॉकचं (नळी दाबून बसवता-काढता येते अशा जोडाचं) झाकण, गॅसचा दाब ठरवून देणारा मिनी रेग्युलेटर आणि 16 ग्रॅम गॅसची आट्यांची काडतुसं. केग आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये जातो. चार लिटर दोन तासांत गार होत नाहीत, रात्र लागतेच. सकाळी रेग्युलेटर 12 वर, गॅसची नळी जोडायची, आणि केग मांडीवर आडवा घेऊन पुढेमागे डोलवत राहायचं. सुरुवातीला रेग्युलेटरमधून गॅस जाताना बारीक सूं असा आवाज येतो, कान जवळ नेला की स्पष्ट ऐकू येतो. हळूहळू तो तुटक होतो, मग बंद. आठ-दहा मिनिटं धरा. नंतर दोन-तीन तास फ्रिजमध्ये उभा ठेवा आणि परत थोडं हलवा. दुसऱ्या खेपेला आवाज जवळजवळ आलाच नाही तर बिअर तयार.

तुमचे अनुभव, शंका, मतभेद, सगळं लिहा.

---

काजवा, न्यू जर्सी

छान धागा. मी 30 वर हलवणाऱ्यांपैकी. माझा प्रश्न वेगळाच आहे. बिअर ग्लासात ओतली की पाऊण ग्लास फेस येतो, म्हणजे गॅस भरपूर आहे असं वाटतं. पण फेस बसल्यावर प्यायला गेलं तर बिअर सपक. जास्त आहे की कमी, तेच कळत नाही. केग तुमच्यासारखाच, वर छोटा नळ.

---

टेकडीपलीकडे

@काजवा, केगमधला गॅस बहुधा बरोबर आहे, तो बाहेर पडतोय ओतताना. मोठ्या केगला आठ-दहा फूट लांब बारीक नळी असते, आतला व्यास 3/16 इंच. त्या नळीत घर्षणाने दाब हळूहळू उतरतो आणि बिअर शांतपणे ग्लासात येते. आपल्या छोट्या केगवर नळ थेट झाकणावर बसतो. 12 पीएसआयवरून बिअर एकदम शून्यावर येते आणि आतला सगळा गॅस फेसातून निघून जातो. ग्लासात उरते ती सपक बिअर.

ओतायच्या आधी गॅस बंद करा, झाकणावरच्या झडपेतून दाब सोडून 2-3 पीएसआयवर आणा, मग ओता. ओतून झालं की परत 12. नळ उघडायचा तो पूर्ण उघडायचा, अर्धवट उघडलात तर फेस वाढतो. आणि नळही गार हवा. केग फ्रिजमधून काढून टेबलावर ठेवला की पहिला ग्लास फेसाचाच येणार.

---

डोंगरमाथा, डेन्व्हर

एक महत्त्वाची गोष्ट राहिली. दाबाचे हे आकडे ज्या तक्त्यांतून येतात ते समुद्रसपाटीचे असतात. रेग्युलेटरचा काटा बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त दाब आहे तेवढंच दाखवतो, आणि आमच्याकडे 5280 फुटांवर बाहेरची हवाच विरळ. त्यामुळे दर दोन हजार फुटांना साधारण 1 पीएसआय वाढवायचा. मी 12 च्या जागी साडेचौदा लावतो. इथे नव्याने आलेले लोक तक्त्याप्रमाणे सगळं करतात आणि बिअर मऊ का लागते म्हणून हॉप्सला, पाण्याला, यीस्टला दोष देत बसतात.

हलवण्याबद्दल टेकडीपलीकडे यांच्याशी पूर्ण सहमत.

---

लीड्सची_पायरी, लीड्स

आमच्याकडचा अनुभव थोडा उलटा आहे, म्हणून लिहिते. इथल्या बिटरला इतका गॅस नकोच असतो. पबमध्ये कास्कमधून (पिंपातून) हातपंपाने ओढलेली बिअर बाराएक अंशांना मिळते आणि गॅस असतो जेमतेम. आंबवण संपलेल्या बिअरमध्ये काही गॅस आधीच शिल्लक असतो. 20 अंशांना आंबवली असेल तर साधारण 0.85 व्हॉल्यूम. म्हणजे दीड व्हॉल्यूमच्या बिटरला निम्म्याहून जास्त गॅस यीस्टनेच देऊन ठेवलाय. वरचा तेवढा भरायचा.

मी दहा अंशांना 2 व्हॉल्यूम धरते, त्याला 11 पीएसआय लागतात. घरी आलेले लोक कधी कधी म्हणतात, बिअर गार नाही, फसफसत नाही. त्यांना सांगते, आधी निम्मा ग्लास पिऊन बघा. माल्टचा, बिस्किटासारखा स्वाद गार आणि गॅसदार बिअरमध्ये दबून जातो. जास्त विरघळलेला कार्बन डायऑक्साइड जिभेला बोचतो, कडूपणाही वाढल्यासारखा वाटतो. प्रत्येक बिअरला 2.5 लावणं म्हणजे आमटी, कढी आणि सार तिन्हीला एकच फोडणी देणं. @टेकडीपलीकडे, तुमच्या धाग्यात बिटरचा उल्लेख एका वाक्यात उरकलात, म्हणून एवढं सविस्तर.

अवांतर: जोसेफ प्रीस्टली 1767 मध्ये इथे लीड्सलाच राहायला आला, ब्रुअरीच्या शेजारी. तिथल्या आंबवणाऱ्या पिंपांवर साचणारा वायू त्याने पाण्यात मुरवला आणि 1772 मध्ये त्यावर पुस्तिका काढली. सोडावॉटरची सुरुवात बिअरच्या गॅसनेच झाली.

---

टेकडीपलीकडे

@लीड्सची_पायरी, मान्य. बिटर आणि माइल्डला तुमचाच आकडा बरोबर. आणि प्रीस्टलीबद्दल धन्यवाद, लीड्स आणि ब्रुअरी हा संबंध माहीत नव्हता.

---

मुळाकाठ, पुणे

वाचायला मजा येतेय. मला पुण्यात हे करता येईल का? जव, हॉप्स ऑनलाइन मिळतात असं ऐकलंय.

---

कलम_आणि_खंड, मुंबई

@मुळाकाठ, नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 प्रमाणे परवान्याशिवाय दारू तयार करणं हा गुन्हा आहे आणि बिअर त्यात येते. घरच्यापुरती केली, विकली नाही, म्हणून सुटका नाही. मायक्रोब्रुअरींना परवाना मिळतो, पण तो धंद्यासाठी. स्वयंपाकघरातल्या चार लिटरसाठी नाही. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथला कायदा वेगळा बघावा लागेल.

अमेरिकेतल्यांनाही सांगतो, तिथेही हे पूर्वीपासून मोकळं नव्हतं. 1978 मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेला कायदा फेब्रुवारी 1979 पासून लागू झाला. त्यानुसार एका प्रौढाच्या घरात वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर 200 गॅलन, आणि विक्री नाही. तरी राज्यांना वेगळा कायदा करायची मुभा राहिली. अलाबामा आणि मिसिसिपी 2013 मध्ये मोकळी झाली.

---

मुळाकाठ

स्पष्ट उत्तराबद्दल आभार. बिअरचा नाद सोडला. पण ही गॅस भरायची पद्धत कोकम सरबताला चालेल का? घरी आगळ भरपूर आहे.

---

टेकडीपलीकडे

@मुळाकाठ, उत्तम चालेल, आणि त्याला फ्रिजमधली एक बाटली पुरे. कार्बोनेशन कॅप मिळते: सोड्याच्या प्लॅस्टिक बाटलीच्या आट्यांवर बसणारं झाकण, त्याला वर गॅसची नळी जोडायची सोय.

फक्त सरबत करून मग गॅस भरू नका. साखर असली की हलवताना फेस होतो आणि झाकण उघडताना तो बाहेर येतो. नुसतं पाणी बर्फासारखं गार करा, बाटलीत पाऊण भरा, बाटली चेपून वरची हवा बाहेर काढा आणि चेपलेली असतानाच झाकण लावा. गॅस सोडल्यावर बाटली टम्म फुगते. सोड्याला गॅस बिअरपेक्षा जास्त हवा, म्हणून इथे मात्र 30 पीएसआय ठीक आहे. अर्धं मिनिट हलवा, थांबा, परत हलवा. ग्लासात आगळ, साखर, जिरेपूड, मीठ घालून वरून हळू ओता. पन्हं करायचं असेल तरी हेच, गर त्यात मिसळलेला नको.

बाटली सोड्याचीच घ्या. कोला, सोडा, लिंबू अशी गॅसची पेयं ज्यात विकली जातात ती. साध्या पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या पातळ असतात, त्या या दाबासाठी केलेल्याच नसतात. आणि काच तर अजिबात नाही.

---

वाळवंटातला_ओढा, फीनिक्स

काचेचा विषय निघालाच आहे तर विचारतो. बिअरच्या दुकानातून आणलेला दोन लिटरचा काचेचा ग्राउलर माझ्याकडे पडून आहे. त्याच्या झाकणाला भोक पाडून व्हॉल्व बसवला तर? 12 पीएसआय म्हणजे काही फार नाही.

---

डोंगरमाथा, डेन्व्हर

@वाळवंटातला_ओढा, नका करू. हात जोडून सांगतो. ग्राउलर तयार बिअर एक-दोन दिवस घरी न्यायला असतो, दाबाखाली ठेवून हलवायला नाही. त्याला सुरक्षेची झडप नाही, आणि काचेला बारीक चरा असेल तर तो डोळ्यांना दिसतही नाही. आकडा 12 चा असला तरी रेग्युलेटर सरकला, कुणाचा धक्का लागला, की दाब 12 राहत नाही. हलवताना तो ग्राउलर आपल्या छातीशी असतो. सोड्याची प्लॅस्टिक बाटली आणि कार्बोनेशन कॅप, एवढ्यावर काम भागतं, आणि ती बाटली या दाबासाठीच घडवलेली असते.

---

गोटीसोडा, मेलबर्न

माझं सदस्यनाम बघून कळलंच असेल की हा धागा मला का आवडला. लहानपणी सांगलीला गोटी सोड्याच्या दुकानात तो लोखंडी पिंजरा बघितलाय. बाटल्या त्यात अडकवायच्या, गॅस सोडायचा आणि दांड्याने पिंजरा गरागरा फिरवायचा. ते फिरवणं म्हणजे फोर्स कार्बोनेशनच की! गॅस पाण्यात मुरवायला हलवायला लागतं, हे त्या दुकानदाराला हेन्रीचं नाव न घेता पक्कं माहीत होतं. सुटताना गोटी खाली बसते तो ट्टॉक आवाज मला अजून आठवतो.

आता कामाचं. 16 ग्रॅमची काडतुसं मला परवडत नाहीत आणि दर वेळी एक रिकामा लोखंडी तुकडा कचऱ्यात जातो तेही बरं वाटत नाही. इथे आम्ही बरेच जण सोडास्ट्रीमचा, म्हणजे घरी सोडा करायच्या यंत्राचा, सिलिंडर वापरतो. मिनी रेग्युलेटरला त्याचा अडॅप्टर मिळतो. सिलिंडरमध्ये 410 ग्रॅम गॅस असतो. हिशोब करून बघा: चार लिटर बिअरला 2.5 व्हॉल्यूमपर्यंत न्यायला, आधीचे 0.85 वजा जाता, 13 ग्रॅम लागतात. ओतताना केग रिकामा होत जातो, ती जागा भरायला अजून तेवढेच. हवा घालवायला थोडा. म्हणजे एका सिलिंडरमध्ये दहा-बारा बॅच आरामात, जर गळती नसेल तर. आणि दुकानात देऊन भरलेला मिळतो.

गळतीचं तेवढं बघा. जोड लागला की भांडी घासायच्या साबणाचं पाणी ब्रशने लावायचं. बुडबुडा फुगला की तिथे वॉशर बदला. लहान सिलिंडरचा गॅस एका रात्रीत जाऊ शकतो.

---

काजवा, न्यू जर्सी

@टेकडीपलीकडे, दाब 3 वर आणून ओतली. फेस दोन बोटं, आणि शेवटच्या घोटापर्यंत बुडबुडे होते. धन्यवाद!

पुढचा प्रश्न. हॉप्स भरपूर घातलेली धुरकट आयपीए केली की आठवड्याभरात रंग काळवंडतो आणि वास ओल्या पुठ्ठ्यासारखा होतो. बिअर दूषित झाली का? सगळं स्वच्छ धुतो, सॅनिटायझरही वापरतो.

---

टेकडीपलीकडे

@काजवा, दूषित नाही, हा ऑक्सिजन. आणि लहान बॅचवाल्यांना हा जास्त छळतो, कारण चार लिटरच्या मानाने वरची मोकळी जागा मोठी असते. त्यात तुम्ही हलवता, म्हणजे वरची हवा बिअरमध्ये घुसळून टाकता. त्यामुळे हलवायच्या आधी ती हवा काढायला हवी.

केग भरला, झाकण लावलं, की 30 पीएसआय गॅस सोडा आणि झडप ओढून सोडून द्या. असं पाच-सहा वेळा. इथे 30 चालतो, कारण आपण हलवत नाही, फक्त वरची जागा धुतोय. दर वेळी आतली हवा सुमारे एक तृतीयांश उरते. 21 टक्के ऑक्सिजनपासून सुरुवात केली तर पाच वेळांत तो 0.1 टक्क्याच्या खाली येतो. हेच 12 पीएसआयवर पाच वेळा केलंत तर एक टक्क्याच्या आसपास राहतो. फरक बघा. मग रेग्युलेटर खाली 12 वर आणा आणि हलवायला घ्या.

केग काठोकाठ भरू नका, पण अर्धा रिकामाही ठेवू नका. चार लिटरच्या केगमध्ये वर दोन-तीन बोटं जागा राहिली की हलवायलाही बरं आणि हवाही कमी. आंबवणीच्या बाटलीतून केगमध्ये घेताना नळी केगच्या तळाशी टेकवा, वरून धार पाडू नका. बिअर खळखळली की तिथेच ऑक्सिजन घेते.

---

सूर्यास्त_नव्हे, सिएटल

मी गेली काही वर्षं मोठ्या केगवर काम करतो आणि माझा या सगळ्या हलवण्याला विरोध आहे. रेग्युलेटर 12 वर लावायचा, केग फ्रिजमध्ये ठेवायचा, दहा-बारा दिवस विसरून जायचं. बिअर त्या काळात निवळते, यीस्ट खाली बसतं, बुडबुडे बारीक वाटतात. हलवलेल्या बिअरमध्ये तळाचा गाळ सगळा वर येतो. घाई कशाची?

---

टेकडीपलीकडे

@सूर्यास्त_नव्हे, मोठ्या केगसाठी तुमच्याच बाजूने आहे. ज्याच्याकडे वेगळा फ्रिज आहे आणि सिलिंडर दहा दिवस जोडून ठेवता येतो त्याने हलवू नये. पण घरच्या एकमेव फ्रिजमध्ये रेग्युलेटर लावलेला केग दहा दिवस ठेवला तर घरातले आपल्याला बाहेर ठेवतील. शिवाय मिनी रेग्युलेटर इतके दिवस काडतुसावर लावून ठेवले की बारीकशी गळती असेल तरी काडतूस रिकामं.

गाळाचं म्हणणं रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे केगमध्ये घ्यायच्या आधी आंबवणीची बाटलीच दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवणं. यीस्ट तळाशी घट्ट बसतं, वरची निवळ बिअर घ्यायची. हलवल्यावरही एक रात्र केग उभा ठेवा. त्या रात्रीत बोचरेपणाही बसतो. ताजा गॅस भरलेली बिअर लगेच चाखली तर जिभेला सोड्यासारखी टोचते, दुसऱ्या दिवशी तीच गोल लागते. बुडबुड्यांच्या आकाराबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. विरघळलेल्या वायूला तो कसा विरघळला हे आठवत नाही. फेसाचा पोत माल्टच्या प्रथिनांवर, हॉप्सवर आणि ग्लास किती स्वच्छ आहे यावर ठरतो. बारा दिवसांत बिअर निवळते, मुरते, त्याने ती चांगली लागते, हे खरंच आहे.

---

सूर्यास्त_नव्हे, सिएटल

ठीक, फ्रिजचा मुद्दा पटला. बुडबुड्यांवर मी ठाम आहे. :)

पण हलवणाऱ्यांनी एक काळजी घ्या. केग आडवा करता तेव्हा बिअर गॅसच्या तोंडापर्यंत येते. त्या क्षणी गॅसच्या नळीतला दाब केगमधल्यापेक्षा कमी झाला, म्हणजे काडतूस संपलं किंवा रेग्युलेटर खाली फिरवला, की बिअर उलटी नळीतून रेग्युलेटरमध्ये जाते. आतला पडदा चिकट होतो आणि काटा खोटं दाखवायला लागतो. नळीत एकाच दिशेने उघडणारी झडप बसवून घ्या.

---

गोटीसोडा, मेलबर्न

@सूर्यास्त_नव्हे, +१. आणि स्वस्त मिनी रेग्युलेटरच्या काट्यावर डोळे झाकून विसंबू नका. दोन पीएसआय इकडेतिकडे सहज असतो. 4 अंशांना त्याने साधारण 0.2 व्हॉल्यूमचा फरक पडतो. आयपीएला तेवढं खपून जातं, बिटरला जाणवतं.

---

नवा_घडा, टोरांटो

सगळं वाचून काढलं. एक मूलभूत शंका. गॅस पुरेसा मुरला हे नक्की कसं ओळखायचं? आवाज बंद झाला हे माझ्या फ्रिजच्या घरघरीत कळत नाही.

---

टेकडीपलीकडे

@नवा_घडा, आवाजापेक्षा पक्की पद्धत आहे. बॉल लॉकवर बसणारं एक दाबमापक मिळतं, स्पंडिंग व्हॉल्व म्हणतात त्याला, दाब सोडायची चकती असलेलं. हलवून झालं की गॅसची नळी काढा, तिथे हे लावा आणि चकती पूर्ण बंद करा. काटा 12 वर असेल. आता केग जोरात हलवा आणि काट्याकडे बघा. काटा खाली आला, समजा 8 वर, तर बिअरला अजून भूक आहे. वरचा गॅस तिने ओढून घेतला. परत 12 लावा, परत हलवा. काटा जागचा हलला नाही की समतोल झाला. काटा 12 च्या वर चढला तर समजा गॅस जास्त आहे. तेव्हा चकती सैल करून 12 वर लावून ठेवा आणि अधूनमधून हलवा, जादा गॅस आपोआप सुटेल. तीसवर हलवून गॅस जास्त झालेल्यांनाही हाच उपाय.

सोबत बिअरचं तापमान बघा. फ्रिजच्या दारावरचा आकडा नाही, बिअरचं. फ्रिजमध्ये केगशेजारी पेलाभर पाणी ठेवून त्यात थर्मामीटर बुडवा. तुम्ही 4 समजताय आणि बिअर 10 अंशांना आहे, तर 12 पीएसआयवर 2.5 च्या जागी 2.1 च्या आत-बाहेरच गॅस बसेल. मग दोष हलवण्याला जातो.

---

नवा_घडा, टोरांटो

हे फार उपयोगी. अजून एक: सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरायची 16 ग्रॅमची काडतुसं माझ्याकडे ढीगभर आहेत. आटे तेच दिसतात. वापरू का?

---

गोटीसोडा, मेलबर्न

@नवा_घडा, नको. बसतात, पण ती खाण्यापिण्यासाठी केलेली नसतात. आत तेलाचा अंश असू शकतो. तेलाचा थेंब फेस मारतो आणि वासही येतो. पाकिटावर खाद्यपदार्थांसाठी असं लिहिलेलीच घ्या. आणि काडतूस रेग्युलेटरमध्ये फिरवताना रेग्युलेटर पूर्ण बंद ठेवा, पटकन आणि एका दमात घट्ट करा. आत द्रवरूप गॅस असतो, खोलीच्या तापमानाला आठशे पीएसआयच्या वर. अर्धवट फिरवून थांबलात तर आट्यांतून फुसकन निघतो आणि बोटांना गारठ्याने चटका बसतो. मोठा सिलिंडर घेणाऱ्यांनी बंद खोलीत, बंद गाडीत तो लीक होणार नाही हे बघा. हा वायू हवेपेक्षा जड आहे, खाली साचतो, आणि कोंदट जागेत घुसमट होते.

---

लीड्सची_पायरी, लीड्स

मित्राकडे न्यायला बाटल्या कशा भरता तुम्ही? छोट्या केगचा नळ बाटलीच्या तोंडाशी धरला की सगळा फेस.

---

टेकडीपलीकडे

@लीड्सची_पायरी, बाटल्या आदल्या रात्री ओल्या करून फ्रिजमध्ये. कोरडी, कोमट बाटली फेस काढते. केगचा दाब 2-3 वर. नळाला बाटलीच्या तळापर्यंत पोचेल एवढा नळीचा तुकडा घट्ट बसवायचा आणि तळापासून भरत वर यायचं. वर फेस आला की त्या फेसावरच झाकण दाबायचं, म्हणजे मध्ये हवा राहत नाही. भरताना थोडा गॅस जातो, म्हणून न्यायच्या बॅचला मी 2.5 ऐवजी 2.7 धरतो. अशी बाटली आठवड्याभरात संपवावी. तुमच्या बिटरला तर गॅसच कमी, तिला फेस येणार नाही.

---

लीड्सची_पायरी, लीड्स

फेसावर झाकण ही युक्ती नवीन कळली. या शनिवारी बिटर केगमध्ये जातेय, चार बाटल्या अशाच भरते.

---

वाळवंटातला_ओढा, फीनिक्स

ग्राउलरचा बेत रद्द. कार्बोनेशन कॅप मागवली आहे. दोन लिटरच्या कोलाच्या बाटलीत दीड लिटर बिअर घेतली, गॅस एकदा भरला आणि नळी काढून हलवली, तर एकाच भरणीत काम होईल का?

---

टेकडीपलीकडे

@वाळवंटातला_ओढा, नाही होणार. वरच्या अर्ध्या लिटर जागेतला गॅस दीड लिटर बिअर लगेच ओढून घेते आणि बाटली मऊ पडते. नळी जोडलेलीच ठेवून हलवा. नाहीतर बाटली मऊ लागली की परत भरा, परत हलवा, ती हलवूनही दगडासारखी कडक राहीपर्यंत.